उष्टा द्रोण

आमच्या घरी तुंब्याच्या दोन जाती मानत. एक ओवळा, एक सोवळ्यातला. ओवळा म्हणजे भाताच्या बांधावर, उकिरड्याच्या कडेला, कुठंही उगवणारा, गुरं तुडवतात तो. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. जरा कडसर, पण लसणीची फोडणी चांगली बसली की भाकरीबरोबर जायची. सोवळ्यातला तुंबा वर, डोंगरात. मेढ्याच्या बाजूनं कासच्या पठाराकडे ज्या सोंडा चढत जातात, त्यातल्या एकीच्या पोटाशी आमचं गाव. गावात महादेव, आणि महादेवाचे गुरव आम्ही. देवाला तुंबा वाहायचा तो वरचाच, हा अण्णांचा दंडक. आठव्या वर्षापासून परडी घेऊन चढायचं काम माझ्याकडे आलं.

वरच्या तुंब्याला अंगभर लव असते. पानाला, खोडाला, फुलांच्या गेंदाला, सगळीकडे. हात फिरवला तर करडाच्या कानासारखं लागतं. सकाळी त्या लवेवर दव बसलं की झाड हिरवं दिसतच नाही, राखाडी दिसतं. आजीला मी विचारलं होतं, वरचाच का? ती म्हणाली, ‘‘त्यानं धाबळी नेसलीय. त्याला कुणाचा विटाळ होत नाही.’’ आता धाबळी कुणाला माहीत असेल-नसेल. सोवळ्यात स्वयंपाक करायला बायका नेसत ते लोकरीचं वस्त्र. सुती लुगडं शिवाशिवीनं ओवळं होतं, रेशीम आणि लोकर होत नाही, असं गणित. आजीनं ते गणित झाडाला लावलं होतं.

पुढं मी वनस्पतिशास्त्र शिकले, तेच तीस वर्षं शिकवलं, आणि कळलं की आजीच्या दोन जाती खरोखरच दोन जाती आहेत. खालचा वेगळा, वरचा वेगळा. वरच्याचं शास्त्रीय नाव ‘ल्युकस लॅनाटा’, म्हणजे अक्षरशः लोकरीचा पांढरा. ल्युकस हे नाव रॉबर्ट ब्राउननं 1810 साली दिलं, ग्रीकमधल्या ‘पांढरा’ या शब्दावरून. हिमालयाच्या उतारांपासून आपल्या घाटापर्यंत तो डोंगरात असतो. लोकर असते ती वाऱ्यासाठी आणि उन्हासाठी. पाऊस ओसरला की आमच्या सोंडेवरची चार बोटं माती आठवड्याभरात वाळते, वारा अखंड. लवेच्या आत हवेचा एक थर अडकून राहतो, त्यामुळं पानातलं पाणी सावकाश उडतं. पानं खाणाऱ्या किड्यांनाही लोकर चावणं जड जातं. तेव्हा विटाळाशी नाही, पण परक्या तोंडाशी त्या धाबळीचा संबंध आहे, हे आजीचं बरोबरच होतं.

या झाडाची नावं मला कायम चमत्कारिक वाटत आली आहेत. तुंबा म्हणजे साधूच्या हातातलं भोपळ्याचं भांडं. कोणी याला कुंभा म्हणतं, कुठं देवकुंभा. कुंभ म्हणजे घडा. संस्कृतात द्रोणपुष्पी, म्हणजे ज्याचं फूल द्रोणासारखं आहे ती. तिन्ही नावं भांड्यांची. आणि भांडं आलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कोणी तोंड लावलं होतं का?

मी लावलं होतं.

श्रावणातला सोमवार होता. पाऊस थोडा उघडला होता आणि वरच्या तुंब्याला नुकतीच कुठं फुलं धरायला लागली होती. तुंब्याच्या गेंदातून पांढरं फूल हळूच ओढलं की अख्खं नळीसकट हातात येतं, आणि नळीचं बारीक टोक ओठात धरून ओढलं की जिभेवर गोड लागतं. थेंबभर नाही, थेंबाचाही कुठला तरी भाग. एक ओढलं की दुसरं ओढावंसं वाटतं. मी पाचसात ओढली असतील. मग परडीकडे पाहिलं तर ती अर्धीच. फुलं कमी, चढ खूप, आणि खाली अण्णा ओल्या धोतरानं वाट बघत असणार. चोखलेली फुलं दिसायला तशीच्या तशी होती. टाकून दिली मी परडीत.

अण्णांनी पायरीवरच विचारलं, ‘‘तोंडाला काय लावलंस?’’ ओठावर बहुतेक नारिंगी पराग राहिला असावा. मी गप्प.

‘‘उष्टं केलंस व्हय गं? किती?’’

‘‘एकच,’’ मी म्हणाले.

महादेवाला केवडा चालत नाही, आणि का चालत नाही ते गुरवाच्या पोराला पाळण्यातच सांगतात. ज्योतीच्या खांबाचा शेंडा सापडल्याची थाप ब्रह्मदेवानं मारली, आणि केवड्यानं तिला खोटी साक्ष दिली. तेव्हा उष्ट्याचं पाप एकीकडे आणि ‘एकच’चं दुसरीकडे, अशी मी त्या पायरीवर उभी राहिले. कुठलं फूल चोखलेलं आणि कुठलं कोरं, हे आता मलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी परडीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. पुन्हा पाऊस येत होता. मग परडी घेऊन वाकून गाभाऱ्यात गेले. आत काय केलं, मला दिसलं नाही. घंटा वाजली एवढं ऐकलं.

पाच वर्षांनी परडी माझ्या हातातून गेली. मुलगी मोठी झाली, आता महिन्यातले चार दिवस कोण लक्षात ठेवणार, त्यापेक्षा नकोच, असं ठरलं. माझ्यासमोर काही ठरलं नाही, फक्त एका सकाळी परडी खुंटीवर नव्हती, धाकटा भाऊ घेऊन गेला होता. पूजा तर मी कधी केलीच नव्हती, तो मुलाचा हक्क. पण चढणं माझं होतं. त्याचा राग मला त्या वेळी आला नाही, बराच उशिरा आला, आणि आला तेव्हा ज्यांच्यावर यायचा ती माणसं राहिली नव्हती.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पुदिन्याचं कूळ आलं. प्रात्यक्षिकाला बाईंनी टेबलावर जे ठेवलं ते बांधावरच्या तुंब्याचं झाड होतं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल. भिंगातून मी ते फूल पहिल्यांदा नीट पाहिलं. वरचा ओठ म्हणजे लोकरीचं टोपडं. खालच्याला तीन पाळ्या, मधली रुंद, पसरलेली. टोपड्याखाली चार पुंकेसर पाठीला पाठ लावून दडलेले, नारिंगी परागानं भरलेले, आणि त्यांच्याच शेजारी कुक्षीचं दुभंगलेलं टोक. खालचा ओठ हा उंबरठा आहे. सातेरी मधमाशी येते, त्यावर पाय टेकते, डोकं आत घालते. मध नळीच्या अगदी तळाशी असल्यामुळं तिला वाकावं लागतं, आणि वाकली की टोपड्यातले केसर तिच्या पाठीला लागतात. ती पुढच्या फुलावर गेली की पाठीवरचा पराग तिथल्या कुक्षीला लागतो. गाभाऱ्यात वाकून शिरणाऱ्या माणसाच्या पाठीला चौकटीचा शेंदूर लागावा, तसं.

म्हणजे हे सगळं फूल, त्याचा उंबरठा, त्याचं टोपडं, तळाशी ठेवलेला थेंब, कोणीतरी तोंड लावावं म्हणूनच बांधलेलं. त्या दुपारी टेबलाशी बसून माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मग त्या परडीतलं कुठलंच फूल कोरं नव्हतं.

आपण फार मोठा शोध लावला असं मला काही वर्षं वाटत होतं. नामदेवांनी तो साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वी लावून ठेवलेला होता, हे मला नांदेडला कळलं. परीक्षेच्या कामाला गेले होते, संध्याकाळी सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन बसले. कीर्तन चालू होतं, भाषा अर्धीमुर्धी कळत होती, आणि मध्येच ‘बीठल’ ऐकू आलं. शेजारच्या सरदारजींनी हिंदीत सांगितलं की हे तुमच्याकडच्या भगत नामदेवांचं आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, एवढं मला माहीत होतं. वाचलं एकही नव्हतं. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या बाईला नामदेव गुरुद्वाऱ्यात भेटावेत, हे जरा लाजिरवाणंच.

ते पद आसा रागातलं. देवाला आंघोळ घालायला घडा भरून आणावा, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच राहताहेत. फुलांची माळ करावी, तर भुंग्यानं वास आधीच घेतलाय. दुधाची खीर करावी, तर वासरानं ते आधीच बाटवलंय. मग विठ्ठलाला देऊ काय? असं ते एकेक करत जातं. मूळ शब्द मुद्दाम देत नाही, ज्यानं त्यानं शोधून वाचावं. पण दुधाला जे क्रियापद नामदेवांनी लावलंय ते आपलं ‘विटाळणं’च आहे, हे मी घरी येऊन देवनागरीत वाचलं तेव्हा लक्षात आलं. आणि पदाची सुरुवात होते ती कुंभानं. गोरोबाकाकांनी तेरला थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. त्याच नामदेवांच्या हाती पुढं पंजाबात हा भरलेला घडा दिसतो. योगायोग असेल. मला आवडतो.

हाच विचार रविदासांच्या एका पदातही आहे, तेही त्याच ग्रंथात. वासरू, भुंगा आणि पाण्यातली मासोळी. नामदेव शिंपी, रविदास चामड्याचं काम करणारे. हा प्रश्न कोणाला सुचला, हे पाहण्यासारखं आहे. ज्यांना आयुष्यभर ‘लांब राहा, बाटेल’ असं ऐकावं लागलं, त्यांनी उलट वळून विचारलं, की बाटलेलं नाही असं तुमच्याकडे आहे काय, ते तरी दाखवा. तेराव्या वर्षी परडी गेलेल्या मुलीला हे पद शाळेत कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

नामदेवांचं उत्तर असं, की जो चाखतो तोही विठ्ठल, इथंही तोच, तिथंही तोच, त्याच्यावाचून रिकामी जागा नाही. विसोबा खेचरांनी औंढ्या नागनाथाला पिंडीवर पाय ठेवून त्यांना हेच शिकवलं होतं. पाय उचलून पिंडी नसेल तिथं ठेव म्हणाले, आणि तशी जागा काही सापडेना. गुरवाची मुलगी म्हणून ती गोष्ट ऐकताना माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, तो भाग सोडा. माझी अडचण वेगळी आहे. सगळीकडे तोच असेल, भुंगाही तोच असेल, तर वाहायचं कोणी आणि कोणाला? मग चढायचं तरी कशाला? आणि खुद्द नामदेवांना हे उत्तर पुरलं का? ‘त्याच्यावाचून जागा नाही’ म्हणणाऱ्या माणसानं शेवटी जागा मागितली ती नेमकी पंढरपूरच्या महाद्वाराची. पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्याची धूळ जिथं पडते तीच. मला या उत्तरापेक्षा ती पायरी जास्त पटते. सर्वत्र असलेल्यापाशीही कुठून तरी एका बाजूनंच जावं लागतं.

तर मी माझ्या बाजूनं गेले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात गावी दोन महिने राहिले आणि रोज वर चढले. अण्णांची पद्धत उजाडायच्या आत फुलं काढायची. पाखरू बसायच्या आधी, माशी यायच्या आधी, म्हणजे कोरी. मी एका बाजूच्या झाडांची फुलं तशीच पहाटे काढली आणि गेंदांना तांबडा दोरा बांधला. दुसऱ्या बाजूची दुपार टळल्यावर काढली, मधमाश्या येऊन गेल्यावर. त्यांना पिवळा. काढताना एकच काळजी घेतली. गेंद मोडायचा नाही, पांढरं फूल तेवढं ओढायचं, लहानपणी ओढत होते तसं.

या कुळाच्या फुलाची एक गंमत आहे. पांढरी नळी ओढली की पुंकेसर तिच्याबरोबर येतात, कारण ते तिलाच चिकटलेले असतात. अंडाशय मात्र मागं राहतो, हिरव्या निदलांच्या वाटीत तळाशी, चार फोडींचा. द्रोणच तो. दोनतीन आठवड्यांनी मी दोरे शोधत गेले. पिवळ्या दोऱ्याच्या वाट्यांत पाहिलं तर बहुतेकीत तळाशी चार काळपट, गुळगुळीत बिया एकमेकींना टेकून बसलेल्या. तांबड्या दोऱ्याच्या वाट्या बऱ्याचशा रिकाम्या. हा काही प्रयोग नव्हे, माझ्या विद्यार्थ्यानं असा लिहून आणला असता तर मी वही परत केली असती. झाडं मोजकी, नोंद ढिसाळ, आणि तुंबा अगदीच परावलंबी नसतो, कोणी आलं नाही तर कधीकधी स्वतःच्याच परागावर भागवतो. पण मला जे पाहायचं होतं ते दिसलं. कोरं फूल वाहिलं की झाडाचं काही तरी जातं. उष्टं वाहिलं तर काहीच जात नाही, त्याचं काम होऊन गेलेलं असतं. पांढरी नळी तशीही संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी गळून पडणारच होती.

म्हणजे आपण सोवळं म्हणून जे देवाला देत होतो, ते कोणाच्या तरी तोंडून काढून घेतलेलं होतं. आणि उष्टं म्हणून जे टाकत होतो तेवढंच खरं देण्याजोगं होतं, कारण त्यावर आता कोणाचा हक्क उरला नव्हता. देवाचं उष्टं आपण प्रसाद म्हणून डोक्याला लावतो. मधमाशीचं देवानं घेतलं तर त्याचं काय बिघडतं?

हे मी भावाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो आता सत्तरीला आलाय, पूजा त्याचा मुलगा करतो. भावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘ताई, दारी पाहुणा आला तर आपण त्याला घरातल्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं वाढतो का? आधी त्याचं पान. मग पोरं रडली तरी चालतील.’’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. कारण त्याचं म्हणणं विटाळाचं नाहीच, मानाचं आहे. आधी कोणाला, हा प्रश्न बाटलं की नाही यापेक्षा जुना आहे, आणि तो मधमाशीला विचारता येत नाही. आमच्या आईनं उभ्या जन्मात सगळ्यांच्या आधी जेवण केलं नाही. तिला ते ओझं वाटत होतं की मान, हे मी कधी विचारलं नाही. उरलेलं देणं निर्दोष असेल, पण ज्यात आपलं काही तुटत नाही ते देणं कसलं, असं भाऊ म्हणतो. तुटतं ते माझं नाही, झाडाचं तुटतं, असं मी म्हणते. हा वाद आम्ही दर श्रावणात घालतो. वहिनी चहा ठेवून निघून जाते.

अण्णांना मी शेवटच्या वर्षी विचारलं होतं, ती परडी आत नेऊन तुम्ही काय केलंत? ओवाळून टाकलीत, पाणी शिंपडून वाहिलीत, की देवाला सांगितलंत? इतकी वर्षं मी त्या बंद गाभाऱ्यात डोकावत होते. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिले. ‘‘कुठली परडी?’’ म्हणाले. त्यांना काहीच आठवत नव्हतं. पाऊस नाही, पायरी नाही, ‘एकच’ही नाही. मग जरा वेळानं म्हणाले, ‘‘तू न्यायचीस व्हय फुलं? मला वाटत होतं हाच न्यायचा.’’

मागच्या कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीला गावी होते. वर्षातला तो एक दिवस महादेवाला तुळस चालते आणि विष्णूला बेल. तुळसही तुंब्याच्याच कुळातली. तेच चौकोनी खोड, तेच दोन ओठांचं फूल, तळाशी त्याच चार बिया. एक वैष्णवांकडे दिलेली, एक शैवांकडे, आणि एका रात्रीपुरती दोघं एका पिंडीवर. मला तो दिवस चुकवायचा नसतो.

गुडघ्यांमुळं वर चढणं आता जमत नाही. भाच्याला म्हटलं, तुंबा आणशील का? तो म्हणाला, ‘‘आत्या, वर कशाला, मागं आहे की.’’ देवळाच्या मागं गेले तर भिंतीलगत, जिथं निर्माल्य टाकतात तिथं, कंबरेएवढा तुंबा माजला होता. लोकरीचा, वरचा. अण्णांच्या वेळी तिथं एक झाड नव्हतं. मी उभी राहून हिशेब केला. हा मुलगा फूल ओढत बसत नाही, त्याला वेळ नसतो. तो गेंदच्या गेंद मोडून आणतो. गेंदात वर फुलं उमलत असतात तेव्हा खालच्या वाट्यांत बिया पिकलेल्या असतात. पिंडीवरून त्या निर्माल्यात गेल्या, निर्माल्यातून मातीत. मी पिवळे दोरे बांधत बसले होते, आणि यानं काही न बघता डोंगर खाली आणून लावला होता.

ऊन चांगलंच वर आलं होतं. फुलांवर सातेरी माश्या होत्या, आणि एक निळ्या पट्ट्यांची, ती बसत नाही, हवेतच थरथरत जीभ आत घालते. मी परडी पुढं केली आणि थांबले, कारण भाच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

‘‘आत्या,’’ तो म्हणाला, ‘‘निर्माल्यात उगवलेलं देवाला चालतं का?’’

‘‘तू गुरव आहेस,’’ मी म्हटलं. ‘‘तू सांग.’’

त्यानं डोकं खाजवलं. आत समईत तेल घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली. मी पहिल्या गेंदावरची माशी उठायची वाट बघत उभी राहिले.